‘बरंय’च्या पलीकडं काही असतं का?

पेढीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

वय ४१, सांगली. मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर हिशेब बघतो. घर गावभागात. बायको, ९ वर्षांची मुलगी, आणि आई आमच्याजवळ असते. अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. कर्ज नाही, व्यसन नाही, घरात भांडण नाही. कुणी ‘कसं काय?’ विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, ‘बरंय.’

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या जिन्याखाली मांजर व्यालं होतं. त्यातल्या एका पिल्लाला मुलगी बुंदी म्हणायची. ते पिल्लू बोळात वळणाऱ्या टमटमखाली आलं. मुलगी वर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हातात डब्याचं झाकण, त्यात अजून थोडं दूध. म्हणाली, ‘पप्पा, बुंदी मेली.’ मी रोजमेळ जुळवत होतो, सतरा रुपयांचा फरक सापडत नव्हता. म्हणालो, ‘अरेरे. बरं, हात-पाय धू, जेवायला बस.’

ती गेली. झाकण विसळलं, हात-पाय धुतले, आमटी-भात सगळा संपवला. रडली नाही.

रात्री बायकोनं विचारलं, ‘तू काय म्हणालास तिला?’ मी शब्दन् शब्द सांगितला. ती काही न बोलता कूस बदलून झोपली. मला झोप येईना. दुःखानं नव्हे. ते वाक्य ओळखीचं वाटत होतं म्हणून. चौथीच्या स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव नव्हतं तेव्हा आई हेच म्हणाली होती. आयर्विन पुलाच्या उतारावर सायकल घसरून दाताचा तुकडा पडला तेव्हा हेच. आजोबा गेले त्या दिवशीही हेच.

गैरसमज नको. आईवडील दोघं शिक्षक, सरळ माणसं. फी वेळेवर, गणवेशाला इस्त्री, आजारी पडलो तर डॉक्टर त्याच दिवशी. कधी हात उगारला नाही. पण ‘काय झालं रे?’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. दोन रविवार आठवत बसलो. खरंच नाही आठवत.

२०१९ च्या ऑगस्टात पुरात आयर्विनपाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बघा. घर गेलं पाण्यात. बायको रडत होती, शेजारचे सत्तरीचे काका रडत होते, मी कागदपत्रांची यादी करत होतो. लोक म्हणाले काय धीराचा माणूस आहे. अण्णांच्या वेळी घाटावर लाकडापासून गुरुजींपर्यंत सगळं मी चोख पार पाडलं. तेव्हाही धीराचाच. आत मात्र काही नव्हतं हो. दुःख दाबलंय म्हणावं तर दाबायला आधी ते असावं लागतं ना?

झोप, भूक, काम सगळं नीट आहे. तरी विचारतो. असं आणखी कुणाचं आहे का? हे बदलतं का? आणि मुलीचं काय करू?

भडंगप्रेमी

वाचतोय. गावभागातल्या बोळांत टमटम येऊच देऊ नयेत. बाकी जाणकार लिहितीलच.

जुनाजाणता

मी सहा भावंडांतला चौथा. आईनं हाक मारायची म्हटली तर आधी तिघांची नावं घेऊन मग माझ्यावर यायची. ‘तुला काय वाटतंय’ असं कुणी विचारलं नाही. बिघडलं काय? हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायचं फॅड निघालंय. ज्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं त्यांना म्हातारपणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. रडत नाही ही तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

माहुलीकर

जुनाजाणता काका, त्यांनी कुणालाही पिंजऱ्यात उभं केलेलं नाही, परत एकदा वाचा.

पेढीवरचा, मी साताऱ्याची. वडील फौजेत होते. आमच्या जिल्ह्यात घरटी एक तरी फौजी, त्यामुळं यात काही विशेष आहे असं लहानपणी वाटलंच नाही. त्यांना पत्र लिहायचं काम माझ्याकडं, कारण अक्षर चांगलं. आई चुलीपुढून सांगायची, मी लिहायचे. ‘इकडील सर्व क्षेम.’ धाकट्याला टायफॉइड झालेला, आजीनं अंथरूण धरलेलं, म्हैस आटलेली, तरी इकडील सर्व क्षेम. तिकडं त्यांना काळजी नको म्हणून. ते बरोबरच होतं, पण ते लिहिता लिहिता माझं स्वतःचंही ‘सर्व क्षेम’ होऊन गेलं, ते पस्तीस वर्षं तसंच राहिलं.

माझं कसं कळलं सांगते. नवऱ्यानं हॉटेलात विचारलं, ‘काय खाणार?’ मी म्हटलं, ‘काहीही चालेल.’ तो म्हणाला, ‘बारा वर्षं झाली लग्नाला, तुला काय आवडतं ते मला अजून माहीत नाही.’ तो प्रेमानंच म्हणाला होता. मेनूकार्ड हातात धरून मी बसून राहिले. मलाही माहीत नव्हतं.

बदलतं का? हो. पण दिवाळीचा फटाका फुटावा तसं नाही. मी समुपदेशकाकडं जवळजवळ दीड वर्ष गेले. पहिले चार महिने वाटायचं, पैसे वाया चाललेत. बाई विचारायच्या, ‘आत्ता काय वाटतंय?’ मी म्हणायचे, ‘मला वाटतं की सासूबाईंनी असं बोलायला नको होतं.’ त्या म्हणायच्या, ‘हा विचार झाला. वाटतंय काय?’ मला त्यांचा राग यायचा, पण तो राग आहे हेही कळायचं नाही. डोकं दुखतंय एवढंच कळायचं.

सावली

मिरजेत समुपदेशनाचं काम करते. इथं कुणाचं निदान करत नाही, करूही नये. पण काही गोष्टी मोकळ्या करते.

याला भावनिक उपेक्षा म्हणतात. आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये हे नाव निदान म्हणून नाही, त्यामुळं जुनाजाणता यांनी घाबरू नये, कुणाला रोगी ठरवत नाही. मारहाण झाली तर ती आठवते. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, ते कसं आठवणार? म्हणून यातली बहुतेक माणसं ‘माझं बालपण चांगलं होतं’ असंच सांगतात, आणि ते खोटंही नसतं.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळतेय, हसतेय. मग तिनं दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, आवाज काढतं, हात पुढं करतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. दोन मिनिटांत हे होतं. वर्षानुवर्षं असंच होत राहिलं तर मूल शहाणं असतं, ते हात पुढं करणंच सोडतं. पुढं मोठेपणी त्याला हाकच ऐकू येत नाही, स्वतःची सुद्धा. भावना ओळखता न येणं, त्यांना शब्द न सापडणं याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्निओस या मनोविकारतज्ज्ञानं त्याच दशकात हा शब्द आणला. तोही आजार नव्हे, स्वभावाचा एक गुण समजा, कमी-जास्त प्रमाणात असणारा. त्याचं कारण नेहमी बालपणच असतं असंही नाही.

म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांना भेटून या. थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. झोप-भूक ठीक असली तरी नैराश्य नाही ना, हे तज्ज्ञाला ठरवू द्या, काही जणांत ते असंच कोरडं येतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनीसुद्धा भावना बोथट होतात. कुणी घेत असाल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

रोज करायचं म्हणाल तर एक वही घ्या. दिवसातून तीन वेळा थांबून फक्त शरीरात काय चाललंय ते लिहा. छाती, घसा, पोट, जबडा. ‘का’ विचारू नका. का विचारलं की हिशेबनीस जागा होतो. महिनाभर एवढंच, मग त्यापुढं एखादा शब्द. आणि एक आधीच सांगून ठेवते, पहिल्यांदा जे वर येतं ते सहसा गोड नसतं.

मुलीचं मात्र आजच करा. तिच्याकडं जा आणि सांगा, ‘त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही.’ आईबाप आणि मूल यांचे सूर बहुतेक वेळ जुळलेले नसतातच, हेही ट्रॉनिक यांनीच दाखवलं. चुकल्यावर परत जुळवून घेणं, मुलाला तेवढं पुरतं.

कुणाला फारच जड जात असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

वाळव्याचा गडी

आमच्या बापाचा एक बैल हुता, सर्जा. बेंदराच्या आदल्या रातीला खांदमळणी असती, हळद न् तूप लावून खांदं मळायचं. आमचा बाप तासभर मळायचा. तोंडानं सारखं बोलायचा, लई दमलास व्हय, लई वडलंस गड्या. मी कंदील धरून हुबा. ते बघताना मला काय वाटायचं त्याला नाव न्हाई. सर्जा गेला तवा म्हातारं दोन दिस जेवलं न्हाई. मी दहावीला गचकलो तवा म्हणालं, ‘उद्यापास्नं उसाला पाणी पाजायला ये.’ बास.

म्हंजे माया हुती. माणसावर कशी करायची ती ठावं नव्हती. बैल उलटून बोलत न्हाई, त्यामुळं सोपं पडत असंल.

माहुलीकर

गडीदादा, कंदील धरून उभा असलेला मुलगा डोळ्यांपुढनं हलत नाहीये.

जुनाजाणता

वाळव्याच्या प्रतिसादानंतर थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसलो. माझं मत बदललेलं नाही. पण आमचे वडीलही म्हशीशी बोलायचे.

निवृत्त मास्तर

चाळीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून माझं काम करतो. धागाकर्त्यांना ‘बरंय’ आणि ‘ठीक’ एवढे दोनच शब्द पुरतात असं दिसतं. आपल्या भाषेत या खात्यात पैसा पडून आहे, कुणी काढत नाही.

हुरहूर आणि चुटपुट यांत फरक आहे. हुरहूर पुढच्याची किंवा दूरच्याची, चुटपुट हातून निसटलेल्याची. चुटपुट मुरली की तिची रुखरुख होते, ती वर्षानुवर्षं टिकते. घालमेल पोटात होते, तगमग अंगभर. धास्ती बसते, धाकधूक चालू राहते. पोर हिरमुसतं, मोठा माणूस खट्टू होतो, म्हातारा कुढतो. राग मनातल्या मनात फिरला की चरफड, घरात दोघांत फिरला की धुसफूस. गहिवर येतो, उमाळा फुटतो, कढ येतात. कानकोंडं होणं तर दुसऱ्या भाषेत सांगूनच दाखवा. आणि बघा, आवंढा गिळतात. म्हणजे शरीरात तो कुठं असतो तेही भाषेनं सांगून ठेवलंय. सावलीताईंची वही आपल्या आज्यांनी आधीच लिहिली आहे.

मुलं निबंधात ‘मला खूप आनंद झाला’ लिहायची. मी लाल शाईनं विचारायचो, ‘कसला?’ घरी माझ्या मुलाला मात्र हे कधी विचारलं नाही. तो पुण्यात असतो. रविवारी फोन करतो, ‘बरंय’ म्हणतो.

भडंगप्रेमी

मास्तर, ‘कातावणे’ राहिलं. आमची ही रोज वापरते.

हरिपूरकर

पेढीवरच्यांनी हळदीचा धंदा सांगितला म्हणून लिहितो. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, काही अजून आहेत. बरीच २००५ च्या पुरात गेली. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. पण म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. तोंड उघडून ठेवायचं, वाट बघायची, मग कंदील आत सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. घाई केलेली माणसं गुदमरून गेलेली आहेत.

सावलीताई म्हणाल्या पहिलं येतं ते गोड नसतं, त्यावरनं हे आठवलं. खाली माल चांगलाच असतो.

पेढीवरचा

(तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. म्हटलं सगळं त्यानंच असेल, सुटलो. सावलीताई, तुम्ही हसाल. नाही सुटलो.

वही केली. पेढीवरचीच लाल कापडी बांधणीची, दुसरी सापडली नाही. पहिले नऊ दिवस तिन्ही रकाने ‘काही नाही’. दहाव्या दिवशी दुपारी एक शेतकरी आला. सौद्यात त्याच्या हळदीला भाव पडून मिळाला होता. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन तो बघत राहिला, काही बोलला नाही, घडी करून खिशात ठेवली. माझा जबडा आवळलेला होता. लिहिलं, ‘जबडा, २.१०’. त्या दिवशी एवढीच नोंद.

मग राग आला. कुणी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर वेड लागलं असं वाटलं असतं. चहात साखर जास्त झाली म्हणून आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. आई बघतच राहिली. ४१ वर्षांचा माणूस साखरेवरनं थरथरतोय. बायकोनं मला गच्चीत पाठवलं. तिथं उभं राहून लक्षात आलं, साखरेचा प्रश्न नव्हता. ‘तू मला विचारलं का नाहीस?’ हे ओरडायचं होतं. ते काही ओरडलो नाही. ७६ वर्षांच्या बाईला ते विचारून काय मिळणार.

मुलीशी बोललो. जिन्यात बसून म्हटलं, ‘बुंदीचं तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही.’ ती म्हणाली, ‘आता काय, झालं ते.’ मोठ्या माणसासारखं. माझ्या तोंडचं वाक्य. पोटात काहीतरी खाली गेलं. मास्तर, त्याला काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर

पोटात खड्डा पडणे. आणि चरकणे. दोन्ही चालेल.

माहुलीकर

‘झालं ते’ म्हणाली तरी सोडू नका. उत्तर मागू नका, नुसतं तिच्याजवळ बसत राहा. मी आता रोज सकाळी अजिंक्यतारा चढते. पहिल्यांदा जायला लागले तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, काय मस्त हवा. मी हो म्हणायचे. साताठ महिन्यांनी एकदा दरवाज्याशी दम खात उभी होते, वारा आला आणि घामेजलेल्या मानेवर लागला. आणि मला आवडलं. स्वतःहून, कुणी सांगायच्या आधी. एवढ्याशा गोष्टीवर मी तिथं रडले. एक आजोबा पाण्याची बाटली घेऊन आले, त्यांना वाटलं पाय मुरगळला.

आणि हो, मला वाटली डाळ आवडते. कैरीची. हॉटेलात मिळत नाही हा भाग वेगळा.

जुनाजाणता

वाटली डाळ चैत्रात घरीच करायची असते. हॉटेलात कसली शोधता.

सावली

पेढीवरचा, रागाला घाबरू नका, फक्त त्याला साखरेवर सोडू नका. आता कुणातरी माणसासमोर बसून हे करा, एकट्यानं वहीत किती करणार. आईशी बोलायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. बोललंच पाहिजे असा काही नियम नाही.

पेढीवरचा

(दोन महिन्यांनी)

समुपदेशकाकडं सहा वेळा जाऊन आलो. त्याविषयी इथं फार लिहीत नाही.

आईला जाब विचारला नाही. पण परवा वीज गेली होती, ती गॅलरीत बसून तांदूळ निवडत होती, अंदाजानंच. मी शेजारी बसलो. विचारलं, ‘आई, तुझी आई तुला जवळ घ्यायची का गं?’ ती म्हणाली, ‘तिला वेळ कुठं होता. अकरा माणसांचा स्वयंपाक.’ बराच वेळ चाळत राहिली. मग म्हणाली, ‘डोकं दुखलं की सुंठ उगाळून लावायची मात्र. तिचा हात खरखरीत होता.’ आणि स्वतःच्या कपाळावर दोन बोटं फिरवली, अशी. वीज आल्यावर उठून गेली.

नोंद केली. ‘घसा. आवंढा. ७.४०.’ रोजमेळात कधी चूक करत नाही मी, पण त्या दिवशीची तारीख चुकीची घातली.

भडंगप्रेमी

मुलीचं काय झालं, ते सांगा की. मी पहिल्या दिवसापासून थांबलोय.

पेढीवरचा

काल भांडली माझ्याशी. मांजर परत व्यालंय, तिला एक पिल्लू वर आणायचं होतं, मी नको म्हणालो. ‘तुम्ही बुंदीच्या वेळेला पण असंच केलं,’ असं ओरडली आणि दार आपटून आत गेली. आतून रडण्याचा आवाज. बायको म्हणाली, लाडावली आहे, रागवा जरा. मी रागावलो नाही. दारापाशी जमिनीवर बसून राहिलो, अर्धा तास असेल. मग आतून आवाज आला, ‘पप्पा, गेलात का?’ म्हटलं, ‘नाही, आहे.’

दाराची वरची बिजागरी खिळखिळी झालीय. रविवारी बसवतो.